पाठमोरे काका

चाळिशी ओलांडलेल्या पुणेकराला सायकल, मॅरेथॉन, सिंहगड सगळं करून झालं की रोइंग खुणावतं. आधी घड्याळ येतं, मग गॉगल, मग अंगाला चिकटणारे कपडे. पाणी सगळ्यात शेवटी. आणि तिथेच घोळ होतो. या नावेत पाठ करून पुढे जायचं असतं. जन्मभर दुसऱ्यांना दिशा दाखवणाऱ्या माणसाला स्वतः कुठे चाललोय तेच दिसू नये, म्हणजे केवढा अपमान! त्यात पंचविशीचा कोच ओरडतो, "काका, हातांनी ओढू नका, पायांनी ढकला!" जिममध्ये कमावलेले दंड मग नुसते शोभेला उरतात, कारण सरकत्या सीटवर खरं काम मांड्यांचं. वल्ह्याचं पातं जरा तिरकं शिरलं की पाण्यात अडकतं, दांडा थेट पोटात बसतो आणि नाव कलंडते. काका घरी सांगतात, वारा फार होता. (नदी मुळा-मुठा असेल तर बुडण्यापेक्षा नाकातोंडात पाणी जायचीच धास्ती जास्त.)

महिनाभरात ठरलेलं वाक्य येतं: "हे लहानपणीच शिकायला हवं होतं." काकांनी एवढं तरी बोलू नये. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणायचा. वल्हं त्याच्या हाती आलं ते 2012 साली सैन्यात भरती झाल्यानंतर, विशी उलटल्यावर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो 13वा आला.