बाकी निरंक

(पडदा उघडतो. मध्यभागी एक टेबल, त्यावर चिनी मातीच्या तीन बरण्या, खाली हिरव्यागार मिरच्यांनी काठोकाठ भरलेली परडी. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी अशा वेषातले सेवानिवृत्त भाऊसाहेब काखेत जाडजूड चोपडी घेऊन येतात. येताच तीनदा शिंकतात.)

क्षमा असावी, मंडळी. ही शिंक पडशाची नव्हे. घरच्या मिरचीची आहे.

तीस वर्षे मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून दुसऱ्यांच्या शेतांत काय पिकले याची खतावणी करण्यात ज्याचे आयुष्य गेले, परंतु स्वतःच्या हाताने ज्याने कधी कोथिंबिरीची काडीही रुजवली नाही, अशा गृहस्थाने सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच मृगात परसात मिरचीची चोवीस रोपे लावावीत, याला कोणी हौस म्हणतील, कोणी ग्रहदशा म्हणतील. आमचे कुटुंब याला 'रिकामपण' म्हणते. खाणारी तोंडे दोन, मग रोपे चोवीस का? कचेरीचा शिरस्ता! दोन खुर्च्या हव्या असतील तर मागणी चारांची करावी, म्हणजे वरून दोन मंजूर होतात. बारा जगावीत म्हणून मी चोवीस लावली. (सुस्कारा) निसर्गाच्या दप्तरात काटछाट करणारा वरिष्ठच नाही हो! चोवीसची चोवीस मंजूर!

(चोपडी उघडून) भाद्रपद, पहिली तोड : सात मिरच्या. देवापुढे ठेवल्या, वर नमस्कारही केला. दुसरी तोड : पाव शेर. आश्विन : दर चौथ्या दिवशी तीन शेर! आणि या झाडाची तऱ्हा अशी की, जितके तोडावे तितके ते नव्या जोमाने फुलते. वसुलीने वाढणारी अशी जमीन आमच्या तालुक्यात असती तर एकाही दुष्काळात तगाई वाटण्याची पाळी आली नसती.

मग मी तिची मूळ कैफियत काढली. ज्ञानेश्वरांच्या काळी या देशात मिरची नव्हती. तिखटाचे वंशपरंपरागत वतनदार म्हणजे मिरे. ही बाई अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या बाजूने, बिनदस्तक, आत शिरली आणि मिऱ्याचे वतन तर बळकावलेच, वर त्याचे नावही लावून बसली. ज्या मिरचीला गलबतातून उतरून घरोघरी शिरायला कोणाची परवानगी लागली नाही, ती मला गल्लीत चार घरी पोचवता येईना!

कारण, मंडळी, घेणे सोपे असते. देणे ही फार अवघड विद्या आहे. नोकरीत असताना कोणी दारात भाजीची पाटी ठेवली तर ती मी 'सरकारी नोकरास नजराणा वर्ज्य' असे बजावून परत पाठवीत असे. आता मीच पाटी घेऊन उभा राहिलो तर लोक खिडकीतून पाहून दाराला कडी घालू लागले. पहिल्या आठवड्यात "अगबाई, कशाला तसदी!" दुसऱ्यात "कालच्याच आहेत हो." तिसऱ्यात दाराआडून, "घरी कोणी नाही!" एके दिवशी समोरच्या काकूंनी मोठ्या अगत्याने वाटीभर मिरच्या आणून दिल्या. मी पाहतो तो त्यांतली एक शेंड्याला आकड्यासारखी वळलेली. मी ओळखली तिला! सोमवारी माझ्याच घरून निघून, चार बिऱ्हाडांतून दाखल-खारीज होत, ती गुरुवारी मूळ अर्जदाराकडे परत आली होती.

(बरण्यांकडे वळून) तेव्हा कुटुंबाने कारभार हाती घेतला. ही पहिली बरणी लोणच्याची : मोहरीची डाळ, मीठ, हळद, लिंबाचा रस आणि पूर्ण निवालेली फोडणी. पाण्याचा थेंब लागला की बुरशीची जप्ती आलीच! ही दुसरी, रंजक्याची : पिकून लाल झालेल्या मिरच्या, लसूण, मीठ, लिंबू, सारे ओलेच वाटलेले. आणि ही तिसरी, सांडगी मिरचीची : मिरचीला चीर देऊन आत मेथी, धने, हिंग, मीठ भरायचे, रात्री ताकात बुडवायचे, दिवसा उन्हात घालायचे. ऊन, ताक, ऊन, ताक! इतक्या खेपा तर आमच्या कचेरीत पक्षकारालाही पडत नसत. रोजचा खर्डा वेगळाच : तव्यावर भाजून, लसूण-मिठासह तांब्याच्या बुडाने रगडलेला.

चिरा देण्याचे काम माझ्याकडे आले. मी आतल्या पांढऱ्या शिरा नखाने काढल्या. आणि मिरचीचा खरा जाळ बियांत नसून त्या शिरांत असतो हे ज्ञान मला ग्रंथातून न होता, त्याच बोटाने डोळा चोळल्यामुळे झाले. (डोळा धरून रंगमंचभर फिरतात) पाणी मारले! पाण्यात हा जाळ विरघळत नाही, नुसता पसरतो. सन १९१२ मध्ये अमेरिकेत स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत करीत, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत मोजण्याची रीत काढली. आमच्या आळीत इतकी यातायात नको. माझी आरोळी किती घरांपर्यंत गेली ते मोजावे : अकरा!

(परडी हळूच टेबलामागे सारतात. आवाज उतरतो.)

पौष उजाडला. झाडे वाळली. उरलेल्या लाल मिरच्या गच्चीवर वाळवून, देठ खुडून, कांडून झाल्या. तिखटाच्या डब्यात हिंगाचा खडा बसला. मी चोपडीत ठसठशीत अक्षरांत लिहिले : हिरवी मिरची, बाकी निरंक. आणि त्याच संध्याकाळी समोरच्या काकू, ज्या तीन महिने घरी नव्हत्या त्या, दारात उभ्या.

"भाऊसाहेब, पाव्हणे आलेत. पोह्यांपुरत्या चार हिरव्या मिरच्या देता?"

मंडळी, तीन महिन्यांत ज्याच्या दारी कोणी काही मागायला आले नाही, त्याने 'निरंक' म्हणावे? मी म्हटले, "बसा. तोडून आणतो." आणि परसदाराने बाहेर पडून, उपरणे डोक्यावर घेऊन, तडक मंडई गाठली. एका आण्याच्या मिरच्या घेतल्या, घामाघूम परतलो.

दुसऱ्या दिवशी काकू वाटी परत द्यायला आल्या. वाटीत ओल्या नारळाची वडी. म्हणाल्या, "भाऊसाहेब, बाजारच्या मिरचीला तुमच्या घरच्या मिरचीची सर नाही हो!"

(चोपडी उघडतात, टाक उचलतात, इकडेतिकडे पाहतात.) तीस वर्षांच्या नोकरीत या हाताने एक खोटी नोंद केली नाही. (लिहीत) 'पौष. परसातून तोड : पाव शेर. वाटप : समक्ष. पावती : नारळाची वडी, एक.'

(चोपडी मिटतात. शिंक येईल म्हणून नाक धरून थांबतात. येत नाही.)

बाजारचीच ती!

(पडदा)