कोण बोलतंय?

हे गृहस्थ तुमच्याही सोसायटीत आहेत. नाव नाना, अण्णा, तात्या यांपैकी काहीही असेल. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात मुलाने घेऊन दिलेला महागडा मोबाइल आणि जिभेवर सदैव १९७. कुणी मोबाइलवर डॉक्टरांचा नंबर शोधू लागलं की नाना हळहळतात, "आमच्या वेळी वन-नाईन-सेव्हन फिरवला की काम झालं!" टेलिफोन नंबरच्या चौकशीला १९७, तक्रारीला १९८, वेळेला १७४, ट्रंक बुकिंगला १८०, हे आकडे ते पाढे म्हणावेत तसे धडाधड म्हणतात. काकूंचा मोबाइल नंबर मात्र त्यांना डायरीत बघावा लागतो. हे सगळं सोसता येतं. सोसत नाही तो त्यांचा एक प्रश्न. फोन स्वतः लावलेला असला तरी पलीकडून आवाज आला रे आला की नाना दरडावतात, "कोण बोलतंय?" बँकेचं यंत्र म्हणतं, "मराठीसाठी एक दाबा." नाना म्हणतात, "दाबतो. पण कोण बोलतंय?" यंत्र दिलगिरी व्यक्त करतं, पर्याय समजला नाही म्हणतं. "पर्याय राहू द्या हो, आपण कोण?" नातवाने हौसेने बोलका गूगल दाखवला. गूगलने बाहेर एकतीस अंश तापमान असल्याचं सांगितलं. नानांनी विचारलं, "हे कोण सांगतंय?" हवामान खातं, असं कळल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न तयारच होता : "खात्यातलं कोण?"

या खोडीचं निदान लोक 'वय झालं' या दोन शब्दांत उरकतात. ते निदान चुकीचं आहे, कारण नानांना त्या टेलिफोन-सेवांची आठवण येते ती माहितीसाठी नव्हेच. पुरावा त्यांच्याच वागण्यात आहे. मनगटावर एचएमटीचं घड्याळ, भिंतीवर लंबकाचं, रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके. एवढं असूनही हा मनुष्य १७४ लावून वेळ विचारत असे. टेलिफोन डिरेक्टरीचा जाडजूड खंड मांडीवर उघडा, बोट नेमकं हव्या त्या ओळीवर, आणि दुसऱ्या हाताने १९७ फिरवणं चालू! जे ठाऊक आहे तेच जो विचारतो, त्याला माहिती नको असते, माहितीला जामीन हवा असतो. उत्तर चुकलं तर ज्याची मानगूट धरता येईल असा कुणीतरी त्यांना पलीकडे हवा होता. यावर कुणी म्हणेल, १७४ ची ती बाई तर रेकॉर्डिंग होती; तिची मानगूट कशी धरणार? (नाना तिलाही "कोण बोलतंय?" विचारत, ती पुढचे सेकंद सांगत राही.) पण या बोलत्या घड्याळांचा इतिहास नानांच्या बाजूने आहे. पॅरिसच्या वेधशाळेत वेळ विचारणाऱ्यांच्या फोनने लाइन सतत अडकलेली असे, म्हणून तिथले संचालक एर्नेस्त एस्क्लांगों यांनी १९३३ साली बोलतं घड्याळ बसवलं. ते २०२२ पर्यंत बोलत होतं. लंडनमध्ये १९३६ साली असं घड्याळ सुरू झालं तेव्हा आवाजासाठी टेलिफोन ऑपरेटरांमध्ये स्पर्धा घेतली आणि व्हिक्टोरिया एक्स्चेंजच्या एथेल केन जिंकल्या. म्हणजे यंत्राच्या तोंडी आवाज घालतानाही तो कुणाचा, हे जगाला सांगितलं होतं. नानांच्या प्रश्नाला तिथे उत्तर होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्या जमान्यासाठी नाना उसासे टाकतात तो जमाना मुळात चांगला होता कुठे? फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. आलेला फोन पावसाळ्यात डेड व्हायचा. डिरेक्टरी छापून हातात पडेपर्यंत निम्मे भाडेकरू हललेले असायचे. आणि १९७ लावावा तर तोच एंगेज. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी, टेलिफोन हा हक्क नसून चैन आहे, ज्यांना सेवा आवडत नसेल त्यांनी फोन परत करावा, असं सुनावलं होतं. या सगळ्याची आठवण काढावी असं त्यात काय आहे? पण नानांच्या आठवणी नीट ऐका. त्यांतली एकही सोयीची नाही, झाडून सगळ्या भांडणाच्या आहेत. "दादरचे जोशी हवेत" म्हटल्यावर ऑपरेटरबाईंनी "दादरला जोश्यांशिवाय आहे कोण? आद्याक्षरं सांगा" असं कसं सुनावलं, एकदा चुकीचा नंबर दिल्यावर नानांनी पुन्हा फोन करून त्यांची कशी हजेरी घेतली, ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाल्याचं सांगणाऱ्या बाईशी चौथं मिनिट कसं वाद घालण्यात घालवलं. सेवा वाईट होती, हे नानांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती वाईट असल्याचं कुणाच्या तरी तोंडावर सांगता येत होतं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. आज सेवा कितीतरी चांगली आहे आणि बिघडली की आपण पाच तारे किंवा एक तारा देऊन गप्प बसतो.

तिसरा आक्षेप मात्र नानांना खरोखर अडचणीत आणतो : मधल्या माणसाला कंटाळूनच तर यंत्र आलं! आपोआप जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली ज्या आल्मन स्ट्रोजर यांनी मिळवलं, ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे अंत्यसंस्कार-व्यावसायिक. आपल्याला येणारे फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, या संशयाने ते पछाडले होते, अशी कथा सांगतात. मेलेल्यांचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून जिवंत ऑपरेटरच काढून टाकायला निघालेला हा मनुष्य! मधला माणूस लबाडी करतो, हेवा करतो, जेवायला जातो. हे खरंच आहे. पण स्ट्रोजर यांना निदान कुणावर संशय घ्यायचा ते माहीत होतं. आज शोधल्यावर जाहिरात देणाऱ्याचंच नाव आधी वर येतं, तेव्हा संशय कुणाचा घ्यायचा? मधला माणूस गेला आणि वळवावळवी राहिली, असा हा सौदा झाला आहे.

१९७ च्या ऱ्हासाचं व्यावहारिक कारण साधंच आहे. लँडलाइनचा नंबर डिरेक्टरीत आपसूक छापला जाई. मोबाइलची तशी सार्वजनिक डिरेक्टरी आपल्याकडे झालीच नाही. २००४ साली देशात मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली आणि विचारावं असं १९७ कडे फारसं काही उरलं नाही. मधल्या काळात, १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या जस्ट डायलने नानांना थोडी धुगधुगी दिली होती. तिथली मुलगी उलट यांचंच नाव विचारायची, त्यामुळे नाना पहिल्यांदाच निरुत्तर झाले. पुढची गंमत अशी की, ज्या प्रश्नाला आपण हसतो तोच सगळा देश विचारू लागला. २००९ साली स्वीडनमध्ये निघालेल्या ट्रूकॉलरची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत आहे. रोज कोट्यवधी लोक फोन वाजला की पडद्याकडे बघतात आणि मनातल्या मनात विचारतात, कोण बोलतंय? फरक इतकाच, की आपण ते कळल्यावर फोन उचलत नाही. नाना उचलतात, आणि कर्ज विकणाऱ्या मुलीला तिचं गाव विचारतात.

आता जड मनाने एक कबूल करायला हवं. सोसायटीची १९७ गेली कित्येक वर्षं नानाच चालवत आहेत. प्लंबर, रक्तपेढी, शववाहिका, श्राद्धाचे गुरुजी : नंबर त्यांच्या डायरीत असतो आणि त्या नंबरामागचा माणूस डोक्यात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "चांगला प्लंबर कोणी सुचवेल का?" असं विचारलं तर चार नंबर, सहा अंगठे आणि "मलाही हवाय" अशी तीन उत्तरं येतात, पण त्यातला एक प्लंबर गणपतीसाठी कोकणात गेलाय, त्याचा धाकटा भाऊ इथेच आहे आणि त्याला उंचावरची कामं जमत नाहीत, ही माहिती फक्त नानांकडे असते. शिवाय प्लंबर आला नाही तर नाना स्वतः त्याला फोन करून झापतात, कारण सांगणारे ते होते. माहितीला जामीन राहणं यालाच म्हणतात. पण ग्रुप झाल्यापासून नानांचा फोन फारसा वाजत नाही. त्यांना कुणी काही विचारत नाही; म्हणून तेच सगळ्यांना विचारत सुटतात. तेव्हा पुढच्या वेळी नळ गळू लागला, तर ग्रुपवर टाकण्याआधी नानांना फोन करावा. फोन लागताच आपलं नाव, मजला, आडनावाचं मूळ गाव सांगून टाकावं, आणि प्लंबरपर्यंत पोचायला तासभर लागेल हे धरून नळाखाली बादली मोठी लावावी.