जनरल रजिस्टरातला जन्म

महाराष्ट्रात शाळेत गेलेला प्रत्येक मनुष्य, मग त्याची मुंज झालेली असो वा नसो, दोनदा जन्म घेतो : एकदा घरी किंवा दवाखान्यात आणि दुसऱ्यांदा जनरल रजिस्टरात. जनरल रजिस्टर म्हणजे दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख जिच्यात अनुक्रमांकाने नोंदवली जाते ती शाळेची जाडजूड वही; शाळा सोडल्याचा दाखला हा तिचाच उतारा असतो. पहिल्या जन्माला आई, सुईण, शेजारीपाजारी असे साक्षीदार पुष्कळ असतात, परंतु ते सर्व तोंडी असल्यामुळे शासनव्यवहारात दुसरा जन्मच खरा मानण्याचा प्रघात पडला आहे.

या दुसऱ्या जन्माचा परंपरागत मुहूर्त १ जून हा होय. जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी वाडीवस्तीवरची मुले गोळा करीत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला टेकतो की नाही हे पाहत, आणि टेकला तर सहा वर्षे पूर्ण झाली असे समजून चालू सालातून सहा वजा करीत; महिना आणि दिवस यांसाठी वेगळा विचार करण्याची गरज त्यांना वाटत नसे. मुलाच्या आईला विचारले असते तर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता, असे तिने सांगितले असते, आणि तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा असल्यामुळे तिचे उत्तर वहीतल्या नोंदीपेक्षा कितीतरी काटेकोर ठरले असते. मात्र वहीत भूकंपासाठी रकाना नव्हता. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम असल्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातील कार्यालयांत हारतुऱ्यांची जी एकच झुंबड उडते, तिचे श्रेय खात्याच्या नियोजनाला नव्हे, तर त्या हातांच्या लांबीला द्यावे लागते.

असा जन्म दुरुस्त करणे तत्त्वतः शक्य आहे. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर नोंदीत बदल करू नये, मात्र उघड चूक याला अपवाद असावी, असे माध्यमिक शाळा संहिता सांगते. आणि हा अपवाद खरोखरच अपवाद आहे हे ठरवण्यासाठी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला बसावे लागले. तथापि चूक उघड आहे हे दाखवण्यासाठी जन्माचा दाखला लागतो आणि येथून अर्जदाराची प्रदक्षिणा सुरू होते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद सापडली नाही तर तसे अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळते, ते जोडून विलंबाने जन्मनोंदणी करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जासोबत जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो.

नोंद सापडलीच तरी सुटका होते असे नाही. जुन्या गावदप्तरातील जन्ममृत्यूच्या वहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ एवढाच शब्द असतो, कारण कोतवाल नोंद घ्यायला आला तेव्हा बारसे व्हायचे होते. बापाला चार मुलगे असतील तर हा मुलगा म्हणजे आपणच, हे अर्जदाराने प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करायचे असते आणि उरलेल्या तिघांनी आपण तो नव्हे असे लिहून दिल्यास अर्जाला बळकटी येते. या सगळ्याला कंटाळून काहीजण शासन राजपत्रात जन्मतारीख बदलल्याची जाहिरात देतात; या जाहिरातींच्या मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासनावर नाही, अशी टीप शासन त्याच राजपत्रात छापते, हे शासनाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

येथे अर्जदारांची बाजूही तपासणे न्याय्य ठरेल. सेवेत लागताना, बढतीच्या वेळी, कर्ज काढताना जी तारीख बिनबोभाट चालली, ती चुकीची असल्याचा साक्षात्कार अनेकांना सत्तावन्नाव्या वर्षी होतो, आणि आश्चर्य असे की आपण कागदावर आहोत त्याहून वयाने लहानच निघतो. आपण मोठे आहोत, सबब लवकर घरी पाठवावे, असा अर्ज दप्तरी सहसा आढळत नाही. म्हणूनच राज्याच्या सेवाशर्ती नियमांनी अशा साक्षात्काराला सेवाप्रवेशापासून पाच वर्षांची मुदत घातली आहे. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या बाबतीत तर दाखल्यावर १० मे १९५१ आणि सैन्यात भरतीच्या अर्जावर १० मे १९५० अशी स्थिती होती, लष्कराच्या एका शाखेत एक आणि दुसऱ्या शाखेत दुसरी तारीख वर्षानुवर्षे सुखाने नांदत होती; अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी याचिका मागे घेतली आणि ते ३१ मे २०१२ रोजी निवृत्त झाले. गुरुजींच्या हिशेबाशी कोणताही संबंध नसताना मुहूर्त तेवढा तोच साधला गेला.

आता शासनाने या गोंधळाच्या मुळाशीच घाव घातला आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा राहील. म्हणजे चूक करण्याचा मान मुख्याध्यापकांकडून काढून तो जन्मनोंदणीच्या टेबलाकडे देण्यात आला असून, पुढील सर्व कागद याच एका कागदावरून उतरवले जाणार असल्यामुळे तारीख चुकली तरी ती सर्वत्र सारखीच चुकलेली असेल आणि तफावत दाखवायला अर्जदाराच्या हाती दुसरा कागदच उरणार नाही.