विषय क्रमांक एक : माश्या

वळवाची पहिली सर येऊन गेली आणि आंब्याच्या कोयी कचऱ्यात पडू लागल्या की पुण्यातल्या सोसायट्यांत दोन गोष्टी हमखास उगवतात : माश्या आणि माश्यांवरची विशेष सभा. आमच्याकडे यंदा माश्यांनी पार्किंग आणि गळती या दोन्ही ज्येष्ठ विषयांना मागे टाकून अजेंड्यावर पहिला क्रमांक पटकावला. कोरम नेहमीप्रमाणे भरला नाही, म्हणून सभा नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब होऊन त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली.

ए विंगमधल्या काकूंनी लिंबात लवंगा खोचून ठेवायला सांगितलं. बी विंगमधल्या काकांना हे थोतांड वाटलं. शास्त्रीय उपाय म्हणून त्यांनी दारात पाण्याची पारदर्शक पिशवी टांगून तिच्यात रुपयाचं नाणं टाकायला सुचवलं. माशीला म्हणे त्यात भलतंच काही दिसतं आणि ती घाबरून पळते. फाटकावर कुत्र्यांसाठी निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवण्याचा ठरावही याच काकांचा. कुत्री हल्ली त्या बाटल्यांना टेकून झोपतात.

आयटीतल्या तरुणाने प्रत्येक फ्लॅटला एक विजेची रॅकेट द्यावी, असं मांडलं. मिठाईच्या दुकानात असतं तसलं निळ्या दिव्याचं यंत्र लॉबीत बसवायचीही सूचना आली. पण त्याचं वीजबिल कोणत्या विंगने भरायचं यावर ती बारगळली. खजिनदारांचा भर फवारणीवर होता, कारण त्यांच्याकडे कोटेशन तयार होतं. डीडीटीने कीटक मरतात या शोधासाठी पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं, तोवर युरोपातल्या काही माश्या डीडीटी पचवायला शिकल्याही होत्या, ही माहिती कोटेशनमध्ये नव्हती.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, माशीला चावता येत नाही. घट्ट पदार्थावर ती आधी लाळ ओकते, तो विरघळला की शोषून घेते. आमरसाच्या वाटीत तिचे तेवढेही कष्ट आपण वाचवतो. सभेत दोघांनी हातातला पेढा खाली ठेवला. बाई पुढे म्हणाल्या, मादी एका वेळी शंभरावर अंडी घालते, तीही ओलसर, कुजक्या घाणीत. अंडी दिवसभरात फुटतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अळीची माशी होते. म्हणजे घरात घोंघावते ती पदवीधर माशी. तिची बालवाडी जिन्याखालच्या आपल्याच डब्यात भरते. ओला कचरा वेगळा काढा, डब्याला झाकण ठेवा, दोन-तीन दिवसांच्या वर काही साठू देऊ नका. रॅकेटी नंतर घ्या.

सभेत शांतता पसरली. एवढा स्वस्त उपाय मंजूर कसा करायचा, हा पेच होता. शेवटी चेअरमननी मार्ग काढला : कचरा हा महापालिकेचा विषय आहे. सगळ्यांना हायसं वाटलं. आपला कचरा फाटकाबाहेर गेला की आपल्यापुरता नाहीसा होतो, यावर पुणेकरांची जुनी श्रद्धा आहे. तो वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत जाऊन साठला. तिथल्या गावकऱ्यांनी घाणीला आणि माश्यांना कंटाळून गाड्या अडवल्या, तेव्हा आपण चहा पिता पिता त्यांचा आडमुठेपणा वाचला. त्यांच्या भाकरीवरची माशी हा स्थानिक प्रश्न असतो. आपल्या आमरसावर बसली की तिच्यासाठी विशेष सभा लागते.

बाईंनी चिकाटीने शेवटची सूचना मांडली. मागच्या बाजूला खतासाठी बांधलेला खड्डा आहेच, तो सुरू करू. प्रत्येक थरावर वाळका पाला टाकला तर वासही येणार नाही. सूचना बहुमताने फेटाळली गेली. कारण नोंदवलं : ‘खड्ड्यामुळे माश्या होतील.’

त्यानंतर फवारणीचं कोटेशन एकमताने मंजूर झालं. बाईंनी जाता जाता विचारलं की, मग खतप्रकल्पाच्या नावावर मालमत्ता करात सवलत घेतो ती कशी? सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, प्रकल्प कागदावर व्यवस्थित चालू आहे. आणि तिथे एकही माशी नाही.’’