वाघ्याचं पथ्यपाणी

कोल्हापुरात शाकाहारी असणं हा गुन्हा नाही, पण कारण मात्र विचारलं जातं. सोमवार आहे, संकष्टी आहे, घरी माळ आहे, असं काही सांगितलं की लोक समजुतीने मान डोलावतात आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढे सरकवतात. आमच्या घरातल्या शाकाहाऱ्याला यातलं एकही कारण लागू पडत नाही. त्याचं नाव वाघ्या. जातीने डाल्मेशियन, अंगभर काळे ठिपके आणि ताटलीत भात, पनीर, दुधी.

वाघ्याची पहिली तीन वर्षं राजेशाहीत गेली. माझे सासरे, म्हणजे आबा, रविवारी मटण आणायला गेले की त्याच्यासाठी काळीज वेगळं बांधून आणत. मटण शिजताना निघणाऱ्या अळणी पाण्याचा पहिला मान पाव्हण्यांच्या आधी वाघ्याचा. तालमीत घडलेल्या आबांच्या मते जो जीव अळणी पितो, त्याला औषधाची गरज पडत नाही.

मग एके दिवशी वाघ्या बागेतल्या प्रत्येक झाडाशी पाय वर करून उभा राहू लागला. नुसता उभा. थेंब पडेल तर शपथ. आबा म्हणाले, "थंडी हाय, हुतंय असं." मी त्याला गाडीत घालून दवाखाना गाठला. नर कुत्र्याची लघवीची नळी पुढे एका हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे तिला ताणायला जागा नसते, त्यामुळे मूत्राशयातून निसटलेला खडा नेमका त्या हाडामागे अडकतो. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली.

एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसेना. आबांचा चेहरा उजळला. "बघा, काय न्हाई." डॉक्टर म्हणाले, "आबा, युरेटचे खडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाहीत. सोनोग्राफी करू." सोनोग्राफीत मूत्राशयाच्या तळाशी पंचगंगेचा काठ दिसला. मग कॅथेटर घालून, पाण्याच्या दाबाने अडकलेला खडा मूत्राशयात मागे ढकलला आणि शस्त्रक्रिया करून सगळे बाहेर काढले. हिरवट-पिवळे, गुळगुळीत, बारीक. प्रयोगशाळेतून उत्तर आलं: अमोनियम युरेट. म्हणजे शेवटी युरिक ॲसिडच.

हा शब्द ऐकून आबा खुर्चीत सावरून बसले. गेली कैक वर्षं त्यांच्या पायाचा अंगठा ज्याच्या नावाने ठणकतो, ते हेच.

डॉक्टरांनी समजावलं. काळीज, अळणी, सुकट, तारली यांत प्युरिन भरपूर असतं आणि त्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं. इतर कुत्र्यांचं यकृत त्याचं पुढे ॲलंटॉइन करतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि निघून जातं. माणसाकडे हे काम करणारं एन्झाइमच नाही. डाल्मेशियनकडे ते आहे, पण युरिक ॲसिड यकृताच्या पेशीत नेणारं प्रथिन जन्मतःच बिघडलेलं असतं. कारखान्याची मशिनरी ठणठणीत, आणि उसाच्या गाड्या गेटाबाहेर अडकलेल्या, तसा प्रकार.

"म्हंजे," आबा विचार करून म्हणाले, "हे कुत्रं माझ्यावर गेलंय."

डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही.

हा दोष जवळजवळ सगळ्या डाल्मेशियनमध्ये असतो. खडे मात्र सगळ्यांना होत नाहीत आणि झाले तर बहुतेक नरांनाच. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या शास्त्रज्ञाने 1973 मध्ये एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी डाल्मेशियनचा संकर करून निर्दोष जनुक या कुळात आणलं. पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. पण त्यांना कायमचं कुळात घ्यायला अमेरिकन केनेल क्लबला 2011 साल उजाडलं. एका पॉइंटरच्या रक्तावरून इतकी वर्षं वाद! हे ऐकून आबांना अमेरिका प्रथमच आपल्या गावासारखी वाटली.

आजाराची बातमी गल्लीत पसरली आणि घरात औषधांची रीघ लागली. मुतखडा हा आपल्याकडे प्रत्येकाच्या अभ्यासाचा विषय. समोरच्या काकूंनी पानफुटीची पानं आणली. ती माणसं खातात, पण कुत्र्याच्या हृदयाला विषारी. तासगावच्या आत्याबाईंनी लघवी साफ होते म्हणून बेदाणे धाडले. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हुलग्याचं माडगं आलं, त्यात लसणाची फोडणी. लसूण-कांदाही कुत्र्याला वर्ज्य. एवढं सगळं वाघ्याच्या वाटचं आम्हीच खाल्लं, आणि घरात कुणालाच मुतखडा नाही हे सिद्ध झालं.

सगळ्यात अवघड प्रसंग पलीकडच्या वहिनींचा. त्यांच्या लॅब्रॅडॉर मादीचे खडे विशिष्ट खाद्याने आणि अँटिबायोटिकने चक्क विरघळले होते. उरलेलं अर्धं पोतं त्या मायेने घेऊन आल्या. पण त्यांचे खडे स्ट्रुव्हाइटचे. ते कुत्र्यांत बहुधा जंतुसंसर्गाने होतात आणि लघवी आम्लधर्मी केली की विरघळतात. आमच्या युरेटला तीच आम्लता मानवते. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे तर कशानेच विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. कुणाची जात विचारू नये असे संस्कार आमच्यावर झाले आहेत. खडा मात्र याला अपवाद. त्याची जात विचारल्याशिवाय ताटली वाढू नये.

तर आता व्यवस्था अशी. भात, पनीर, अंडं, दुधी, आणि डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वांची पूड, कारण एवढ्यावर कुत्र्याचं पोषण पूर्ण होत नाही. सगळ्यात पाणी ओतून काला करायचा. पाणी हेच मुख्य औषध. लघवी पातळ राहिली की खडा धरायला वेळ मिळत नाही. म्हणून रात्री झोपण्याआधीही फेरी. पुन्हा पुन्हा होणाऱ्या खड्यांसाठी ॲलोप्युरिनॉल नावाची गोळी असते. तीच आबांच्या डब्यातही आहे. मात्र मात्रा वेगळी, त्यामुळे डबे वेगळे. आणि ही गोळी चालू असताना मांस खाल्लं तर झँथिन नावाचा नवाच खडा होऊ शकतो, हे मी आबांना लिहून भिंतीवर लावलं आहे.

लघवीचा सामू सातच्या आसपास ठेवायचा असतो. तो मोजायला नमुना लागतो आणि नमुना वाघ्या मागून देत नाही. म्हणून सकाळी मी लांब दांड्याचा एक डाव घेऊन रंकाळ्यावर त्याच्या मागून दबकत चालते. तो पाय उचलतो, मी डाव पुढे करते, तो दचकून पाय खाली घेतो. फिरायला आलेले लोक आता थांबून बघतात. एका आजोबांनी विचारलं, "सूनबाई, मासे गावतात का?" मी म्हटलं, "आज न्हाई गावलं." पट्टी हिरवी आली की मी जिंकते, पिवळी आली की आबांकडे बघते. आबा लगेच पेपर उघडतात.

कारण ते ताटाखालून काहीतरी सरकवतात, याचा मला दाट संशय आहे. परवा उलटतपासणी घेतली. "बिचारं बघतंय गं माझ्याकडं," एवढाच त्यांचा बचाव. मी म्हटलं, "तुम्हालाही तेच पथ्य आहे, आबा. त्याला देता, तेव्हा स्वतः किती घेता?" यावर त्यांनी देवाचं नाव घेतलं. गंमत म्हणजे वाघ्याच्या जोडीने पथ्य पाळायला लावल्यापासून आबांचा अंगठा शांत आहे. श्रेय अर्थात ते वाघ्याला देतात.

माझं तुम्हाला सांगणं एवढंच: कुत्रा सारखा पाय वर करतोय आणि थेंबच पडतोय असं दिसलं, तर गल्लीचा सल्ला ऐकत बसू नका, त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. खडा निघाला की तपासायला पाठवा आणि त्याची जात कळेपर्यंत काही खाऊ-पिऊचे प्रयोग करू नका. आणि घरात आबा असतील, तर रविवारचं पातेलं कुलपात ठेवा.