पाहुण्यांना एका दिवसात मुंबई दाखविण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुंबई एका दिवसात पाहून होत नाही, याबद्दल दुमत नाही. दाखवून मात्र होते. पाहणे आणि दाखविणे या दोन वेगळ्या क्रिया असून दुसरीसाठी एक अधिकारी पुरुष लागतो. आमच्या घरी हे पद बाबांकडे आहे. १९७९ ते २०१३ अशी ३४ वर्षं त्यांनी डोंबिवलीहून फोर्टातल्या एका बँकेत नोकरी केली, त्यामुळे मुंबईचा सातबारा आपल्या नावावर आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. डिसेंबरात मिरजेहून आत्या, काका आणि त्यांची दोन नातवंडं आली, तेव्हा ही पद्धत प्रत्यक्ष प्रयोगातून सिद्ध झाली. ती लोककल्याणार्थ देत आहे.

मुहूर्त. रविवार घेऊ नये, मेगाब्लॉक असतो. सोमवार घेऊ नये, घारापुरीची लेणी बंद असतात. बुधवार घेऊ नये, राणीची बाग बंद असते. उरलेल्या दिवशी ज्याला-त्याला ऑफिस असतं. सबब रविवार घ्यावा.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. एरवी मुंबईत ऊन लागतं. या दोन महिन्यांत ते खाता येतं.

तिथी पाहणारे लोक आता कमी झाले, पण समुद्राला जायचं तर पंचांगासारखा दोस्त नाही. अलिबागच्या एका शेजारणीने मला शिकवलेलं गणित सांगते: तिथीचे पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी कट्ट्याला लागलेलं. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जाऊन ओले दगड बघायचे. घड्याळात थोडं मागेपुढे होतं, पण फसवत नाही. अष्टमीची भरती भांगाची, लाट अंगावर यायची नाही. ज्यांना भिजायचंच आहे त्यांनी पावसाळ्यात अमावास्या गाठावी आणि घरचे कपडे घालून जावं.

मी हे सगळं मोजून अष्टमीचा रविवार काढला. बाबा म्हणाले, "समुद्र कुठे पळून जात नाही. आपल्याला परतीची सहा-बाराची गाडी मिळाली पाहिजे, बस्स."

ही ६.१२ लक्षात ठेवावी. ती दिवसभर आपल्या मागे येणार आहे.

प्रस्थान. डोंबिवलीहून मुंबईकडे जाताना सकाळी उजवीकडची खिडकी धरावी. डावीकडे ऊन येतं. त्यातही हवेची खिडकी, म्हणजे गाडी जाते तिकडे तोंड करून बसायची. उलट्या खिडकीत पाहुण्यांना बसवावं, त्यांना फरक कळत नाही. (हे वाक्य आत्याने वाचू नये.) बाबा रविवारच्या रिकाम्या डब्यातही चौथ्या सीटवर, अर्धे बाहेर लटकत बसले. तीन जागा मोकळ्या होत्या. "सवय आहे," म्हणाले.

नामकरण. उतरल्यावर स्टेशनच्या नावावरून भांडण होतं. ते होऊ द्यावं, त्यातून इतिहास आपोआप सांगून होतो. आमची आजी शेवटपर्यंत बोरीबंदर म्हणायची, कारण १८५३ साली ठाण्याला पहिली आगगाडी सुटली ती बोरीबंदरहून. बाबा अजून व्हीटी म्हणतात. आत्या १९९६ चं सीएसटी धरून बसली आहे, आणि नातवाने २०१७ चं सीएसएमटी सांगून सगळ्यांना अडाणी ठरवलं. इमारत स्टीव्हन्स नावाच्या साहेबाची, १८८८ ची. वर घुमट आहे, गच्चीच्या कडेने दगडी प्राणी तोंड वासून बसलेत, खांबांवर पानंफुलं आहेत. नातीने विचारलं, "आजोबा, तो माकडासारखा कोण?" बाबांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चला, सबवेतून."

चालणे. टॅक्सी करू नये. दादाभाई नौरोजी रोडला इमारतींच्या कमानींखालून सावलीत चालता येतं, आणि कितीही ऊन असलं तरी हुतात्मा चौकापर्यंत डोकं तापत नाही. हे ज्ञान बाबांचं आहे आणि ते शंभर नंबरी आहे. पण अंतराबाबत त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. गेटवेपर्यंत अडीच किलोमीटर भरतात. बाबांच्या मापाने ती पाच मिनिटं.

"दादा, ही पाच मिन्टं संपणार हैत का न्हाईत?" आत्याने काळ्या घोड्यापाशी बसकण मारून विचारलं. तिथला घोडाही बघण्यासारखा आहे: मूळच्या पुतळ्यातला राजा १९६५ साली घोड्यासकट राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र चौकात राहिलं, आणि २०१७ साली त्या नावासाठी नवा घोडा आणून बसवला. स्वार नाही. काका म्हणाले, "पायी गेला असंल, अडीच किलोमीटर."

वाटेत बाबांनी पुढील प्रेक्षणीय स्थळं दाखवली: रसवंतीगृह जिथे होतं ती जागा, छत्री दुरुस्त करणारा बसायचा तो खांब, आणि बँकेची मागची पायरी, जिथे ते डबा खायचे. बँकेपाशी आम्ही दहा मिनिटं उभे होतो. रविवारचं शटर खाली होतं. पाहुण्यांनी फोटो काढला. शहाण्याने अशा वेळी घाई करू नये.

गेटवे. सकाळी चौकातून गेटवेकडे तोंड करून फोटो काढू नये. ऊन समुद्राच्या बाजूने येतं आणि सगळं कुटुंब कोळशासारखं उमटतं. पाठीला ऊन घ्यावं, नाहीतर अर्जंट फोटोवाल्यांना पैसे देऊन मोकळं व्हावं. कमानीची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. १९११ साली पंचम जॉर्ज आला तेव्हा ही स्वागताची कमान तयारच नव्हती, त्याला पुठ्ठ्याची दाखवली. खरी उघडली १९२४ ला. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी हिच्याखालूनच मायदेशी गेली. "म्हणजे स्वागतासाठी बांधली आणि टाटा करायला वापरली," नातू म्हणाला. एवढं कळलं तरी तिकिटाचे पैसे वसूल.

घारापुरी या दिवसात कोंबू नये. जायला तास, यायला तास, वर १२० पायऱ्या. त्याऐवजी बंदरातली अर्ध्या तासाची फेरी घ्यावी. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे पडतात, ते द्यावेत. थंडीत कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि पोरांच्या हातातल्या कुरकुऱ्यांसाठी अगदी कानाजवळून जातात.

"बाबा, लाँचची तिकिटं कुठे मिळतात?"

"पूर्वी इथेच मिळायची."

पूर्वी म्हणजे केव्हा, ते सांगितलं नाही. लाँच हलल्यावर त्यांनी कठडा जो धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही.

भोजन. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. ओव्हल मैदानाच्या कडेला बसावं. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला गोलाकार गॅलऱ्यांची आर्ट डेको घरं. युनेस्कोच्या यादीत दोन्ही २०१८ साली एकदमच गेली. मध्ये रविवारचं क्रिकेट. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या मिडऑफशी गप्पा मारत असतो. चेंडू डब्यात पडला तर परत द्यावा.

मरीन ड्राइव्ह. सकाळी पूर्वेचं पाणी, संध्याकाळी पश्चिमेचं. सूर्य जातो तसं जावं, हा या पद्धतीचा गाभा. ओव्हलवरून चर्चगेट ओलांडलं की दहा मिनिटांत समुद्र. ही दहा मिनिटं खरी.

पाच वाजून गेले होते. पाणी खरंच कट्ट्याशी आलेलं. मुलं सिमेंटच्या तिकाटण्यांमधले खेकडे मोजायला लागली. आत्या चपला काढून, पाय वर घेऊन, भाजलेलं कणीस खात बसली. बाबा उभेच. पावणेसहाला मीच म्हटलं, "बाबा, निघूया? सहा-बारा..."

ते बसले. दोन्ही हात कट्ट्यावर टेकून, चौथ्या सीटवर बसल्यासारखे, कडेला. सूर्य चांगलाच लाल झाला होता.

"ऑफिसातून इथपर्यंत चालत किती वेळ लागतो गं?" त्यांनी मला विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"हां. म्हणजे मग गाडी चुकली असती."

सूर्य बुडाला. कुणी काही बोललं नाही, फक्त काकांनी भेळ आणली. सहा-दहा झाले, सहा-बाराही झाले. मी बाबांच्या घड्याळाकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आज रविवार," ते म्हणाले. "सहा-बारा रविवारी नसतेच."