तोल सांभाळा!
नाट्यगृहात माइकपासून मिक्सरपर्यंत ३०-४० मीटर वायर धावते. तिथे बॅलन्स्ड जोडणी हवीच. दोन तारांवरून सिग्नल एकमेकांच्या उलट जातो. वाटेत दोन्हींना सारखीच चिकटलेली खरखर पलीकडे वजाबाकीत उडते. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र हातभर अंतरावरच्या ॲम्प्लिफायरसाठी महागडी बॅलन्स्ड एक्सएलआर वायर आणली. म्हणाले, “काय खुललाय हो आवाज!” खुलणारच! बॅलन्स्ड आउटपुट बहुधा २ ऐवजी ४ व्होल्ट देतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. व्हॉल्यूम तेवढा कमी केला, की साध्या आरसीए वायरची गोडीही तीच. पण सांगणार कोण? वायर बॅलन्स्ड झाली, बँकेतला बॅलन्स तेवढा गेला. वरच्या मजल्यावरचा चटणीचा मिक्सर मात्र अजून ऐकू येतो. तो तारेतून नव्हे, खिडकीतून येतो.